ठरलेलं मत, न ठरलेला पक्ष

निवडणूक आली की मुस्लिम मतदाराबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं. 'त्यांचं काय, त्यांचं ठरलेलंच असतं.' टीव्हीवरचे विश्लेषक तेच जरा सभ्य भाषेत सांगतात, 'एकगठ्ठा मतदान' म्हणतात. परभणीच्या बसस्टँडवर चहा पिणारा माणूस आडपडदा ठेवत नाही. उमेदवारांचे कार्यकर्ते तर या वाक्यावरच प्रचाराचा हिशेब मांडतात. एका बाजूचे म्हणतात, त्या मोहल्ल्यात जायची गरज नाही, ती मतं आपलीच आहेत. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, तिथं जाऊन उपयोग नाही, ती मतं आपली नाहीतच. निष्कर्ष दोघांचा एकच निघतो. आमच्या गल्लीत कुणी येत नाही.

मी याच जिल्ह्यातला. माझ्या घरात, नात्यात, शेजारात 'हा अमुक पक्षाचा माणूस' असं ज्याच्याबद्दल छातीठोक सांगता येईल, अशी माणसं मोजायला एका हाताची बोटं पुरतात. मतदान मात्र सगळे करतात, ऊन असो की रांग. म्हणजे ज्या समाजाला सगळ्यात पक्षबांधील समजलं जातं, तो माझ्या पाहण्यात सगळ्यात बिनपक्षी आहे. हे कोडं मला बरीच वर्षं छळत होतं. आज त्यावर लिहायचं आहे.

बिनपक्षी मतदार म्हणजे कोण, याचा जगात सगळ्यात जास्त अभ्यास अमेरिकेत झाला आहे. तिथल्या अनेक राज्यांत मतदार नोंदणी करतानाच पक्ष सांगता येतो, आणि 'कोणताच नाही' असंही लिहिता येतं. १९६० साली मिशिगन विद्यापीठाच्या चार अभ्यासकांनी 'द अमेरिकन व्होटर' हे पुस्तक लिहिलं. तोवर समज असा होता की पक्ष नसलेला मतदार म्हणजे शहाणा, दोन्ही बाजू ऐकून निर्णय घेणारा नागरिक. या पुस्तकानं तो समज मोडला. पक्ष नसलेल्यांना राजकारणाची माहितीही कमी आणि रसही कमी, असं त्यांना आढळलं. पुढं १९९२ साली 'द मिथ ऑफ द इंडिपेंडंट व्होटर' हे पुस्तक आलं. त्याचं म्हणणं, स्वतःला स्वतंत्र म्हणवणाऱ्यांतले बहुतेक मनातून एका पक्षाकडे झुकलेलेच असतात आणि मतही त्यालाच देतात. प्यू या संस्थेनं २०१९ मध्ये जे आकडे दिले तेही असेच आहेत. ३८ टक्के लोक स्वतःला स्वतंत्र म्हणत होते, पण कुठंच न झुकलेले फक्त ७ टक्के निघाले. हे खरे बिनपक्षी लोक तुलनेनं तरुण असतात, राजकारणापासून लांब असतात आणि मतदानालाही कमी जातात.

आपल्याकडे मतदार यादीत पक्ष लिहित नाहीत. पण दिल्लीच्या सीएसडीएस संस्थेचा लोकनीती हा उपक्रम निवडणुकीच्या सर्वेक्षणात एक प्रश्न विचारतो, 'तुम्हाला कोणता पक्ष जवळचा वाटतो का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणणारे आपल्या देशात थोडेथोडके नाहीत. त्या 'नाही'त कोण कोण दडलेलं असतं, हे मात्र प्रश्नावलीच्या चौकटीत मावत नाही. त्यासाठी गावात जावं लागतं.

परभणी जिल्ह्यात दर सहा माणसांत साधारण एक मुस्लिम आहे. शहरात हे प्रमाण त्याच्या दुपटीहून जास्त आहे. पण आधी पक्षाच्या माणसांबद्दल बोलू, कारण ते कळल्याशिवाय बिनपक्षी माणूस कळत नाही.

एके काळी हा शेतकरी कामगार पक्षाचा मुलूख. १९७७ साली शेकापचे शेषराव देशमुख इथून लोकसभेवर गेले. काँग्रेसचं जाळं सोसायट्या, बाजार समित्या आणि मोठ्या शेतकऱ्यांच्या वाड्यांतून पसरलेलं होतं. मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मराठवाड्यात शिवसेना आली आणि गावोगावी शाखेची पाटी लागली. १९८९ पासून आजवर, १९९८ चा अपवाद सोडला तर, परभणीचा खासदार शिवसेनेच्या बाजूचाच निवडून आला. ज्या पोरांना सोसायटीच्या चेअरमननं कधी खुर्ची दिली नव्हती, त्यांना शाखेनं दिली. पक्षाचा माणूस असा तयार होतो. विचार नंतर येतो, आधी बसायला जागा मिळते.

आमच्या नात्यात असा एक माणूस होता, माझे चुलते. पक्के काँग्रेसवाले. त्यांना पक्षाचा जाहीरनामा कधी वाचताना मी पाहिलं नाही. पण तालुका कमिटीत त्यांचं नाव होतं, सभेच्या पत्रिकेवर शेवटच्या ओळीत का होईना छापलेलं असायचं, आणि तहसीलमध्ये कुणाचं रेशनकार्ड अडलं तर त्यांच्या शब्दावर सुटायचं. पंजा हे त्यांच्या लेखी चिन्ह नव्हतं, पत होती. पुढं कमिट्या नावापुरत्या उरल्या आणि तहसीलमधला शब्दही चालेनासा झाला. त्यांची मुलं, म्हणजे माझे चुलतभाऊ, आज कोणत्याच पक्षाचे नाहीत. वडिलांचे विचार त्यांनी सोडलेले नाहीत. बसायची जागाच राहिली नाही.

शिवसेनेच्या त्या वाढीत आमच्यासाठी एक घोषणा होती, 'खान हवा की बाण हवा?' परभणी आणि औरंगाबादच्या माझ्या पिढीला ती सांगावी लागत नाही. त्या घोषणेनं दोन्हीकडे काम केलं. बाणाच्या बाजूला पक्षाचा माणूस घडवला आणि खानाच्या बाजूला बिनपक्षी. कारण ज्याला प्रत्येक निवडणुकीत समोरच्याला पाडायचाच विचार करावा लागतो, त्याला आपला पक्ष निवडायची सवड मिळत नाही. कधी काँग्रेस, कधी राष्ट्रवादी, कधी आणखी कुणी. जो पाडू शकेल तो. बाहेरून पाहणाऱ्याला तो गठ्ठा दिसतो. आत प्रत्येक जण आपापल्या घरात तेच गणित स्वतंत्रपणे सोडवत असतो, आणि उत्तर एकच येतं, कारण गणितच तसं घातलेलं असतं.

आणि उत्तर नेहमी एकच येतं असंही नाही. २०१४ च्या विधानसभेत परभणीत एमआयएमचा उमेदवार दुसऱ्या क्रमांकावर होता. २०१७ च्या महापालिकेत याच शहरात काँग्रेस सगळ्यात मोठा पक्ष ठरली, आणि विधानसभेत मात्र २०१४ आणि २०१९ दोन्ही वेळा शिवसेना जिंकली. २०१९ च्या लोकसभेत वंचित बहुजन आघाडीचे आलमगीर खान यांना जवळपास दीड लाख मतं पडली. शिवसेनेचे संजय जाधव राष्ट्रवादीच्या राजेश विटेकरांपुढं ४२ हजारांनी निवडून आले. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याकडे एकच वाद चालला, मतं फोडली कुणी? 'यांचं ठरलेलं असतं' म्हणणारेच 'यांनी मतं फोडली' म्हणत होते. ठरलेलं असतं तर फुटलं कसं, हे कुणी विचारलं नाही.

मग आली २०२४ ची लोकसभा. २६ एप्रिलला मतदान होतं. परभणीच्या मतदानयंत्रावर त्या दिवशी धनुष्यबाण नव्हता, कमळ नव्हतं, पंजा नव्हता आणि घड्याळही नव्हतं. शिवसेना फुटली होती, नाव आणि चिन्ह शिंदे गटाकडे गेलं होतं, संजय जाधव उद्धव ठाकरे यांच्यासोबत राहून मशालीवर लढत होते. महायुतीनं जागा राष्ट्रीय समाज पक्षाच्या महादेव जानकरांना दिली, त्यांची शिट्टी. वर्षानुवर्षं चिन्ह पाहून बटण दाबणाऱ्या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा विचार करावा लागला. आमच्या शेजारचे एक जुने शिवसैनिक काका मला म्हणाले, 'तीस वर्षं डोळे झाकून मत दिलं. यंदा डोळे उघडावे लागले बघ.' ते हसत म्हणाले, पण त्यांना झालेला त्रास खरा होता. आम्ही ज्या अवस्थेत कायम असतो, ती त्यांच्या वाट्याला एक निवडणूक आली होती.

निकाल माहीत आहेच. संजय जाधव १ लाख ३४ हजारांनी जिंकले, आणि त्यात मुस्लिम मतांचा मोठा वाटा होता हे कुणी नाकारत नाही. खानानं बाणाच्या जुन्या शिलेदाराला मत दिलं. काही जण म्हणाले, मुसलमान शिवसेनेचे झाले. मला तसं वाटत नाही. संविधान बदलण्याची भाषा कानावर येत होती, आणि त्या भाषेला अडवू शकेल असा समोरचा उमेदवार मशालीवर होता. मत दिलं, पक्ष स्वीकारला नाही. सहा महिन्यांनी विधानसभेला परभणी शहरानं पुन्हा मशालीच्या राहुल पाटलांना निवडलं, पण जिंतूर, पाथरी, गंगाखेड या तिन्ही जागा महायुतीकडे गेल्या.

या सगळ्यात बिनपक्षी माणसांचे निदान तीन प्रकार मला दिसतात, आणि ते एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो.

पहिला प्रकार झुकलेल्यांचा. शहरातला नोकरदार, शिक्षक, प्राध्यापक, डॉक्टर. 'मी कुठल्याच पक्षाचा नाही, मी देशाचा विचार करतो,' असं सांगणारा. त्याचे व्हॉट्सअॅपवरचे मेसेज आठवडाभर वाचले की पक्ष कळतो. अमेरिकेतल्या त्या पुस्तकात वर्णन केलेला माणूस तो हाच. याला 'तटस्थ' म्हणून मान मिळतो, चर्चेत बोलावलं जातं.

दुसरा प्रकार ज्यांच्यापर्यंत राजकारण पोचतच नाही त्यांचा. गंगाखेड, पालम, जिंतूरकडची ऊसतोड कामगार कुटुंबं दिवाळीनंतर कारखान्याच्या वाटेला लागतात. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला आणि फडावर जायचा महिनाही तोच. त्याला पक्ष कुठून असणार? यात भूमिहीन आहेत, बायका आहेत, ज्यांच्याऐवजी घरातला पुरुष उत्तर देतो, आणि पहिल्यांदा मत देणारी पोरं आहेत. खेड्यात तर ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. पॅनल असतं. गावात चारच मुस्लिम घरं असली तर ती ज्याच्या शेतात काम करतात, ज्याच्याकडून उधारी आणतात, त्याच्या पॅनलमध्ये असतात. तोच माणूस जिल्हा परिषदेला एका चिन्हाचा, लोकसभेला दुसऱ्या चिन्हाचा. त्याला विचारलं तर तो म्हणतो, 'आपण काय, सगळ्यांचेच.'

तिसरा प्रकार आमचा. माहिती भरपूर, रस भरपूर, मतदान नियमित, मतं ठाम, आणि पक्ष नाही. अमेरिकेतल्या पुस्तकांत हा प्रकार मला फारसा भेटला नाही. तिथं पक्ष नसणं म्हणजे बहुतेक वेळा राजकारणातला रस कमी असणं. इथं आमच्या गल्लीत राजकारणाशिवाय दुसरा विषय नसतो.

विचारांच्या बाबतीतही हा माणूस कुणाच्या मधोमध उभा नाही. माझ्या अम्मीचं उदाहरण देतो. तिला नमाज, रोजा, घरातली शिस्त या बाबतीत काडीचीही सूट मान्य नाही. मुलींनी कॉलेजात शिकलंच पाहिजे, याबाबतीतही नाही. रेशन आणि सरकारी दवाखाना चांगला चालला पाहिजे, हे तिला कुठल्याही समाजवाद्याइतकं ठामपणे वाटतं. व्यापाऱ्यावर कराचा बोजा नको, हेही वाटतं, कारण अब्बांचं दुकान होतं. या सगळ्या मतांना एकत्र घेऊन बसेल असा एकही पक्ष महाराष्ट्रात नाही. म्हणून ती मतदानाच्या आदल्या रात्री एकच प्रश्न विचारते, 'किसके आने से डर कम होता?' उत्तर मिळालं की तिचं मत ठरतं. तिची बाकीची मतं, कॉलेजची, दवाखान्याची, दुकानाची, त्या रात्री बाजूला ठेवली जातात. पुढच्या निवडणुकीपर्यंत ती तशीच बाजूला राहतात.

मला यात सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. पक्षाच्या माणसाला पक्षाकडे मागता येतं. रस्ता मागता येतो, तिकीट मागता येतं, नाही मिळालं तर रुसता येतं, बंडखोरी करता येते. याच जिल्ह्यात पाथरीनं २०१४ मध्ये मोहन फड आणि गंगाखेडनं २००९ मध्ये सीताराम घनदाट या अपक्षांना निवडून दिलं. ज्यांच्या मताला पर्याय आहे, त्यांचं रुसणं पक्षाला परवडत नाही. डरून दिलेल्या मताचं रुसणं कुणी मनावर घेत नाही. महाविकास आघाडीनं २०२४ च्या लोकसभेला राज्यातल्या ४८ जागांपैकी एकाही जागी मुस्लिम उमेदवार दिला नाही, आणि तरीही मतं मिळाली. पाथरीतून बाबाजानी दुर्राणी २००४ मध्ये राष्ट्रवादीच्या तिकिटावर विधानसभेत गेले होते. त्यानंतरच्या चार निवडणुकांत या जिल्ह्यातून एकही मुस्लिम आमदार झालेला नाही. माझा आग्रह आमदार मुस्लिमच हवा असा नाही. पण ज्याला आपण नेहमी मत देतो तो पक्ष आपल्याला बसायला जागा देत नसेल, तर आपण त्याचे समर्थक कसे होणार?

मागे एकदा एका सर्वेक्षणाचा तरुण मुलगा आमच्या गल्लीत आला होता. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. आमच्या शेजाऱ्यांना त्यानं विचारलं, 'कोणता पक्ष जवळचा वाटतो?' शेजाऱ्यांनी आधी त्याच्या ओळखपत्रावरचं नाव वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, 'सगळेच चांगले आहेत साहेब.' मुलानं टॅबवर काहीतरी दाबलं आणि पुढं गेला. बहुधा 'कोणताच नाही' हेच दाबलं असणार. अशी किती उत्तरं रोज नोंदवली जात असतील! त्या यादीत आमचे शेजारी, 'देशाचा विचार' करणारा प्राध्यापक आणि ऊसतोडीला गेलेली बाई एकाच रकान्यात बसतात. मग कुणीतरी लिहितं, बिनपक्षी मतदार हा मध्यममार्गी असतो. आमचे शेजारी मध्यममार्गी नव्हते. ते सावध होते.

माझा भाचा पुण्याकडं कंपनीत कामाला आहे. मत इथं, नोकरी तिथं. दरवेळी रात्रीच्या गाडीनं उभ्यानं येतो, मत देतो, रात्रीच परत जातो. गेल्या वेळी मला म्हणाला, 'हर बार हराने कोच आना क्या, मामू? जिताने कब आना?' पुढच्या वेळी येणार नाही, आलोच तर नोटा दाबीन, असंही म्हणाला. नोटाचं बटण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळं २०१३ पासून आलं आहे, त्याचा तो हक्क आहे. पण मला भीती वाटते ती वेगळी. हा पोरगा तिसऱ्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात सरकतो आहे. ज्याला सगळं कळतं तो, ज्याच्यापर्यंत काही पोचत नाही अशांच्या रांगेत जाऊन उभा राहतो आहे. त्याच्या वयाची अशी बरीच पोरं मला दिसतात. आमच्याकडे म्हण आहे, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' ती गमतीनं म्हणतात. या पोरांच्या तोंडी ती गमतीची वाटत नाही.

भाच्याला मी सांगितलं ते असं. मत द्यायला ये, आणि हरवायलाच आलास तरी चालेल, कारण डर खरा आहे आणि तुझ्या नानीला इथंच राहायचं आहे. पण निवडणुकीच्या दोन निवडणुकांमधली जी पाच वर्षं आहेत, त्यात बिनपक्षी राहू नको. ज्याला मत दिलं त्याच्या पक्षाच्या वॉर्ड कमिटीत जाऊन बस. बसू देत नसतील तर ते चारचौघांत सांग. महापालिकेच्या निवडणुकीत डराचा प्रश्न तेवढा मोठा नसतो, तिथं नळ आणि गटार यांवर मत दे, मग उमेदवार कोणत्याही चिन्हाचा आणि कोणत्याही नावाचा असो. एकदा जरी आमच्या मोहल्ल्यानं चांगलं काम केलेल्या अनपेक्षित माणसाला निवडून दिलं, तर पुढच्या वेळी सगळ्यांनाच आमच्या गल्लीत यावं लागेल.

आणि पक्षवाल्यांना, दोन्हीकडच्या, एवढंच सांगायचं आहे. आमचं मत ठरलेलं आहे असं तुम्हाला वाटतं, कारण तुम्ही आम्हाला आजवर एकच प्रश्न विचारलात. नळाचा, शाळेचा, नोकरीचा प्रश्न विचारून पाहा. त्याची आमची उत्तरं आमच्यात आपसातही जुळत नाहीत. त्या उत्तरांवर मोहल्ल्यात भांडणं होतात, आणि तुमच्या पक्षाचा माणूस त्या भांडणातूनच तयार होईल.